प्रगत लेखनवर्ग : शिक्षकाची अपेक्षा आणि वर्गाची रीत

प्रगत लेखनवर्ग म्हणजे ज्यांना वाक्य लिहिता येते, ज्यांनी एखादी कथा, काही कविता किंवा लेख आधीच लिहून पाहिले आहेत, अशा दहा-पंधरा जणांचा वर्ग. त्याला क्रमिक पुस्तक नसते. वर्गातल्याच कोणाचे तरी अजून न जमलेले लेखन हे त्या दिवसाचे पाठ्य. इतिहासाच्या किंवा व्याकरणाच्या वर्गात उत्तर शिक्षकाला ठाऊक असते आणि विद्यार्थ्याला ते शोधायचे असते. इथे ते दोघांनाही ठाऊक नसते, कारण अर्धवट राहिलेली कथा कशी व्हायला हवी होती हे ती पुरी झाल्यावरच कळते. त्यामुळे अशा वर्गाचे बरेवाईट दोन गोष्टींवर ठरते : शिक्षक विद्यार्थ्याकडून नेमके काय मागतो, आणि त्या खोलीत एकमेकांच्या लेखनाबद्दल बोलण्याची रीत कशी पडली आहे.

या दोन्ही गोष्टी जवळून पाहायच्या तर अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाची लेखनशाळा, म्हणजे ‘आयोवा रायटर्स वर्कशॉप’, हे सर्वांत भरीव उदाहरण आहे. लेखनाची पदवी देणारे पुढचे असंख्य वर्ग तिच्याच नमुन्यावर उभे राहिले. तिथे शिकलेल्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी आपल्या वर्गांबद्दल मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. वर्गात काय मागितले गेले, कोण दुखावले, कोणाचे साधले, याचा इतका तपशील दुसऱ्या कुठल्या लेखनवर्गाबद्दल क्वचितच मिळतो.

विद्यापीठात लेखन शिकवण्याची कल्पना मुळात आयोवाची नव्हे. हार्वर्डमध्ये बॅरेट वेंडेल यांनी १८८० च्या दशकात विद्यार्थ्यांकडून रोज एक छोटे टिपण लिहून घ्यायला सुरुवात केली होती. तिथेच जॉर्ज पिअर्स बेकर नाट्यलेखनाचा ‘इंग्लिश ४७’ हा वर्ग चालवत आणि १९१४-१५ मध्ये नाटककार यूजीन ओनील त्या वर्गात बसत होते. संवादाला हात घालण्याआधी नाटकाचा आराखडा कागदावर उतरवावा, असा बेकर यांचा आग्रह असे. आयोवात पद्यरचनेचा पहिला वर्ग १८९७ मध्ये भरला. मात्र आयोवाचे वेगळेपण ठरले ते १९२२ मध्ये. पदव्युत्तर विभागाचे प्रमुख, मानसशास्त्रज्ञ कार्ल सीशोर यांनी जाहीर केले की उच्च पदवीसाठी शोधप्रबंधाच्या जागी सर्जनशील कृतीही स्वीकारली जाईल. कवितासंग्रह, नाटक, चित्र, संगीतरचना यांना विद्यापीठात विद्वत्तेच्या शेजारी जागा मिळाली. पॉल एंगल यांनी आपल्या कविता अशाच प्रबंध म्हणून दिल्या आणि त्या १९३२ मध्ये ‘वॉर्न अर्थ’ या संग्रहाच्या रूपाने प्रसिद्ध झाल्या.

लेखनशाळेची रीतसर स्थापना १९३६ मध्ये झाली आणि विल्बर श्रॅम तिचे पहिले संचालक झाले. भारतातल्या पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना श्रॅम हे नाव ‘मास मीडिया अँड नॅशनल डेव्हलपमेंट’ (१९६४) या पुस्तकामुळे ठाऊक असते. हाच माणूस कथालेखनाचा वर्ग उभारणारा होता, हे सहसा सांगितले जात नाही. १९४१ पासून सुमारे पाव शतक एंगल संचालक होते. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने १९४४ च्या कायद्याने उचलला आणि कोवळ्या मुलांच्या शेजारी युद्ध पाहिलेली माणसे येऊन बसू लागली. जागा पुरेना, म्हणून नदीकाठच्या अर्धगोल पत्र्याच्या लष्करी बराकींत वर्ग भरू लागले. उन्हाळ्यात तापणाऱ्या आणि हिवाळ्यात गारठणाऱ्या त्या बराकींत विसाव्या शतकातल्या अमेरिकन साहित्याचा मोठा भाग पहिल्यांदा मोठ्याने वाचला गेला.

वर्गाची कार्यपद्धती साधी आहे. ज्याची पाळी असेल त्याने आपले लेखन काही दिवस आधी सर्वांना द्यायचे. पूर्वी या प्रती सायक्लोस्टाइलवर काढत, पुढे झेरॉक्स आल्या. प्रत्येकाने ते घरी वाचायचे, समासात खुणा करायच्या आणि लेखकासाठी टिपण लिहायचे. वर्गात चर्चा चालू असताना लेखकाने बोलायचे नाही. शेवटी त्याला हवे तर प्रश्न विचारता येतात आणि सगळ्यांच्या खुणा केलेल्या प्रती घेऊन तो घरी जातो. सत्रात प्रत्येकाची पाळी दोन-तीनदाच येते. म्हणजे वर्गातला बहुतेक वेळ विद्यार्थी दुसऱ्याच्या लेखनावर खर्च करतो. प्रवेश घेताना हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपल्या लेखनाबद्दल ऐकायला आलेल्याला तिथे प्रामुख्याने इतरांचे वाचावे लागते.

शिक्षकाची पहिली अपेक्षा म्हणूनच वाचनाची असते. हे वाचन समीक्षकाचे नाही. समीक्षक छापून आलेले, लेखकाच्या हातातून सुटलेले पुस्तक वाचतो. इथे मजकूर अजून ओला असतो आणि सुधारता येण्याजोगा असतो. कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट १९६५ ते १९६७ या काळात आयोवात शिकवत होते. गेल गॉडविन आणि जॉन अर्व्हिंग त्यांचे विद्यार्थी. १९६५ च्या नोव्हेंबरात त्यांनी ‘फॉर्म ऑफ फिक्शन’ या वर्गाला सत्रअखेरचा स्वाध्याय दिला. एका संग्रहातल्या १५ कथा आधी निव्वळ आनंदासाठी वाचायच्या. मग अ ते फ अशा श्रेणी द्यायच्या. नंतर आपण एका चांगल्या वाङ्मयीन मासिकात काम करतो आणि या कथा छापण्यासाठी आल्या आहेत असे धरून सर्वांत आवडलेल्या तीन आणि सर्वांत नावडलेल्या तीन कथांवर आपल्या अनुभवी, जाणत्या, थकलेल्या वरिष्ठाला अहवाल लिहायचा. अहवाल प्राध्यापकी थाटाचा नको आणि कलेच्या धुंदीतलाही नको. कथा का उभी राहते, का कोसळते, याचा व्यवहारी अंदाज असलेल्या संवेदनशील माणसाने लिहावा तसा हवा.

या स्वाध्यायात प्रगत वर्गाची निम्मी शिकवण आहे. आधी आनंदाने वाचण्याची अट आहे, कारण ज्याला कथेचा आनंदच घेता आला नाही त्याच्या निदानाला किंमत नाही. मग निर्णय द्यावा लागतो. सहा कथांबद्दल ‘एकीकडे हे, दुसरीकडे ते’ असे म्हणून सुटता येत नाही. आणि तो निर्णय अशा माणसाला सांगायचा असतो ज्याच्यापुढे पोकळ शब्द चालणार नाहीत. मराठी वर्गात किंवा काव्यवाचनाच्या बैठकीत वाचून झाल्यावर ‘छान आहे’, ‘भिडलं’, ‘शेवट थोडा अजून हवा होता’ असे उद्गार येतात. त्यांतून लेखकाला काहीच मिळत नाही. ‘दुसऱ्या पानावर मामा घरात येतो तेव्हा दार कोणी उघडले हे कळत नाही, त्यामुळे आई घरात आहे की नाही याचा पुढची दोन पाने घोळ राहतो’ असे कोणी म्हटले की लेखकाला कामाला लागता येते. पहिल्या प्रकारच्या बोलण्यावरून विद्यार्थ्याला दुसऱ्यावर आणणे हे शिक्षकाचे सत्रभराचे काम आहे, आणि ते पहिल्या आठवड्यातच सुरू व्हावे लागते. एकदा ‘छान आहे’ची सवय लागली की मग ती मोडणे कठीण.

दुसरी अपेक्षा पुनर्लेखनाची. तिचे सर्वांत स्पष्ट रूप आयोवाच्या इमारतीत नव्हे तर तिथून बाहेर पडलेल्या एका शिक्षकाच्या वर्गात दिसते. जॉन गार्डनर यांनी १९५८ मध्ये आयोवात डॉक्टरेट मिळवली आणि ते कॅलिफोर्नियातल्या चिको स्टेट कॉलेजात शिकवू लागले. त्यांच्या पहिल्या तुकड्यांत रेमंड कार्व्हर हा विशीतला तरुण होता. लग्न झालेला, दोन मुलांचा बाप, पोटापाण्याच्या कामांत पिचलेला. पुढे अमेरिकन लघुकथेतले मोठे नाव झालेल्या कार्व्हर यांनी या वर्गाची हकिकत गार्डनर यांच्या ‘ऑन बिकमिंग अ नॉव्हेलिस्ट’ (१९८३) या पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवली आहे. कथा लिहिणाऱ्याने सत्रात एकच कथा लिहायची, दहा ते पंधरा पानांची. कादंबरी लिहू पाहणाऱ्याने एक प्रकरण आणि उरलेल्या कादंबरीचा आराखडा द्यायचा. मात्र शिक्षकाचे समाधान होईपर्यंत ती एकच कथा सत्रात दहा वेळा पुन्हा लिहावी लागली तरी लिहायची.

एका सत्रात पाच कथा मागणारा शिक्षक वरवर जास्त कडक वाटतो. प्रत्यक्षात पाच कथा लिहिणे सोपे आहे, कारण एक फसली की दुसरी सुरू करता येते. गार्डनर यांनी पळवाटच बंद केली. विद्यार्थ्याला त्याच प्रसंगापाशी, त्याच माणसांपाशी, त्याच वाक्यांपाशी परत यावे लागे. आपण जे लिहिले ते आपल्याला म्हणायचे नव्हते, हे पहिल्या-दुसऱ्या खर्ड्यात कळत नाही. चौथ्या-पाचव्या वेळी कळू लागते. गार्डनर विद्यार्थ्याच्या पानावर ओळीगणिक खुणा करत. काही शब्दांवर काट मारत, काहींभोवती कंस टाकत. काट मारलेल्या शब्दांबद्दल वाद नसे, कंसातल्या शब्दांबद्दल बोलणी होत. जमीन म्हणायची असेल तर जमीन म्हणावे, तिला उगाच भारदस्त नाव देऊ नये, असा त्यांचा कटाक्ष. कार्व्हर यांना लिहायला शांत जागा नाही हे कळल्यावर त्यांनी आपल्या कार्यालयाची किल्लीच त्यांच्या हाती दिली. शनिवार-रविवार तिथे बसून कार्व्हर लिहू लागले. कठोर अपेक्षा आणि ती पुरी करता यावी म्हणून दिलेली किल्ली, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडून आल्या. नुसती कठोरता दाखवणारे शिक्षक मुबलक असतात. विद्यार्थ्याला बसायला टेबल आहे का, याची चौकशी करणारे फार थोडे.

ओळीगणिक काम म्हणजे काय, हे मराठीतल्या एका लहान उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या विद्यार्थ्याच्या कथेत मुलाच्या अपघाताची बातमी घरी येते आणि तो लिहितो : ‘आईच्या डोळ्यांत दुःखाचा सागर उसळला.’ हे वाक्य त्याने पाहिलेले नाही, वाचलेले आहे. शेकडो कथांतून ते त्याच्याकडे चालत आले आहे. शिक्षकाने त्यावर ‘घासून गुळगुळीत झालेली प्रतिमा’ असा शेरा मारला तर विद्यार्थी ‘सागर’ काढून ‘महापूर’ घालेल. त्याऐवजी त्या क्षणी आई कुठे उभी होती, हातात काय होते, फोन कोणी घेतला, असे विचारले तर पुढच्या खर्ड्यात कदाचित येईल : ‘आईने गॅस बंद केला. दूध वर आलेले होते, ते पातेल्यात हळूहळू खाली बसले.’ दुःख हा शब्द त्यात नाही, पण वाचणारा थांबतो. तिसऱ्या खर्ड्यात मग प्रश्न येतो की ‘हळूहळू’ हवे का. गॅस बंद केल्यावर दूध किती वेगाने खाली बसते, हे विद्यार्थ्याने घरी जाऊन पाहावे. प्रगत वर्गाची पातळी ही असते.

गृहपाठाची मुदत, हजेरी, वेळेवर प्रती देणे या अपेक्षा सगळ्या वर्गांत असतात. त्यांबद्दल जास्त सांगण्याची गरज नाही. एवढेच की लेखनवर्गात प्रत उशिरा देणे हा शिक्षकावर नव्हे, सोबत्यांवर अन्याय असतो, कारण त्यांच्या वाचनाचा वेळ कापला जातो.

स्पष्टतेची अपेक्षा मात्र वेगळी मांडायला हवी, कारण तिच्याबद्दल नव्या लेखकांचा गैरसमज होतो. फ्रँक कॉनरॉय १९८७ पासून २००५ पर्यंत आयोवाचे संचालक होते आणि त्यांच्या वर्गाचा धाक होता. ते फळ्यावर एक पिरॅमिड काढत. पायाशी अर्थ, सुसंगती आणि स्पष्टता. त्यावर आवाज, सूर, भाव. प्रतीके आणि बाकीची नक्षी अगदी वर. विद्यार्थी बहुधा शेंड्यापासून सुरुवात करतात. प्रतीक आधी ठरवतात आणि पात्र कुठल्या खोलीत आहे हे सांगायचे राहून जाते. कॉनरॉय यांचे म्हणणे असे की वाचक मजकुराला अर्ध्या वाटेवर येऊन भेटतो. खालचा पाया ढिला असेल तर वाचकाची सगळी ताकद ‘हे चालले आहे काय’ हे समजून घेण्यात खर्च होते आणि वरच्या नक्षीपर्यंत तो पोहोचतच नाही. संदिग्धता लेखकाने हेतुपूर्वक ठेवलेली असू शकते. गोंधळ हेतुपूर्वक ठेवलेला नसतो. हा फरक वर्गात रोज दाखवावा लागतो.

आता वर्गाच्या रीतीकडे. चर्चा चालू असताना लेखकाने गप्प बसायचे, हा आयोवाचा सर्वांत प्रसिद्ध आणि पुढे सर्वांत वादग्रस्त ठरलेला नियम. त्यामागचा विचार सरळ आहे. पुस्तक छापल्यावर लेखक प्रत्येक वाचकाच्या शेजारी बसून खुलासा करणार नसतो. कागदावर आहे तेवढ्यावरच वाचक जाणार. म्हणून वर्गातही लेखन एकटे उभे राहू द्यावे, आणि लेखकाने मधे न पडता ते कुठे डगमगते हे पाहावे. स्वतःच्या कथेबद्दल दहा जण तासभर बोलत असताना तोंड न उघडणे ही शिस्त अवघड आहे, पण लाजऱ्या विद्यार्थ्याला ती आधारही देते. १९४५ मध्ये जॉर्जियाहून आलेल्या कथालेखिका फ्लॅनरी ओकॉनर यांचे उदाहरण आहे. त्या पत्रकारितेसाठी आल्या होत्या. एंगल यांच्या खोलीत येऊन त्या बोलल्या, पण त्यांचा दक्षिणेकडचा उच्चार एंगल यांना कळेना. शेवटी त्यांनी कागद पुढे केला आणि लिहून द्यायला सांगितले. आपल्याला लेखनशाळेत यायचे आहे, हे ओकॉनर यांनी त्या कागदावर लिहून दिले. वर्गात त्या क्वचितच बोलत. त्यांच्या कथा एंगल मोठ्याने वाचून दाखवत. ज्या मुलीचे बोलणे खोलीतल्या इतरांना समजायला जड जाई, तिचा मजकूर मात्र सगळ्यांना ऐकू आला. चांगल्या वर्गाची ही खरी कसोटी आहे : जो फर्डे बोलतो त्याच्यापेक्षा जो चांगले लिहितो त्याच्याकडे तिथे लक्ष जाते का.

पण शिक्षकाची अपेक्षा चुकूही शकते, आणि आयोवाच्या इतिहासात तीही नोंद आहे. रॉबर्ट लोवेल १९५० च्या दशकात तिथे कविता शिकवत होते. डब्ल्यू. डी. स्नॉडग्रास घटस्फोटानंतर दुरावलेल्या लहान मुलीवर कविता लिहीत होते. लोवेल यांना सुरुवातीला त्या रडक्या वाटल्या. एवढी बुद्धी असलेल्या माणसाने असले लिहू नये, असे त्यांचे म्हणणे. स्नॉडग्रास यांनी ऐकले नाही. ‘हार्ट्स नीडल’ हा संग्रह १९५९ मध्ये आला आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळाले. लोवेल यांनीही तोवर मत बदलले होते. त्यांच्याकडून आणि मग १९५४ मध्ये कवी जॉन बेरिमन यांच्याकडून शिकलेल्या फिलिप लेव्हीन यांनी दोन्ही वर्गांची तुलना करून ठेवली आहे. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांत राबून आलेल्या या तरुणाला लोवेल आवडत्यांना झुकते माप देतात असे वाटले. बेरिमन मात्र कविता कोणाची आहे हे न बघता ओळ बघत आणि कमअस्सल ओळ कोणाचीही खपवून घेत नसत. लेव्हीन पुढे अमेरिकेचे राजकवी झाले आणि बेरिमन यांचे ऋण आयुष्यभर मानत राहिले. अपेक्षा सगळ्यांकडून सारखीच असेल तर विद्यार्थी ती कितीही कडक असली तरी सोसतो. माणूस पाहून ती बदलते असे दिसले की वर्गातला विश्वास संपतो, आणि मग शिक्षकाचे योग्य म्हणणेही कोणी ऐकत नाही.

यापेक्षा खोल अडचण लेखिका सांड्रा सिस्नेरोस यांच्या अनुभवात आहे. शिकागोतल्या मेक्सिकन वंशाच्या कुटुंबातली ही मुलगी १९७६ ते १९७८ या काळात आयोवात होती. एका चर्चावर्गात फ्रेंच तत्त्वज्ञ गास्तों बाशलार यांच्या ‘पोएटिक्स ऑफ स्पेस’ या पुस्तकावर बोलणे चालले होते; घर म्हणजे माळे, जिने, कोपरे, आठवणींची जागा. सगळे सहज बोलत होते. सिस्नेरोस यांच्या लक्षात आले की आपण असल्या घरात कधी राहिलोच नाही. आधी लाज वाटली. मग राग आला, आणि वर्गात कोणाला लिहिता येणार नाही ते आपल्याला लिहिता येईल हे उमगले. त्यातून ‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’ (१९८४) हे पुस्तक आले. हा शेवट गोड आहे म्हणून वर्ग निर्दोष ठरत नाही. ज्या खोलीत बहुतेकांचे घर एकसारखे असते, तिथे ‘हे पटत नाही’, ‘हे समजावून सांगायला हवे’ हे शेरे वाङ्मयीन वाटतात, पण मुळात ते एका विशिष्ट वाचकाच्या ओळखीच्या जगाचे माप असतात. आणि लेखकाला गप्प राहायचे असल्यामुळे तो हे सांगूही शकत नाही. लेखक जुनो डियाझ यांनी २०१४ मध्ये आणि मॅथ्यू सॅलेसेस यांनी २०२१ मध्ये नेमक्या याच मुद्द्यावर या पद्धतीला धारेवर धरले.

सुधारणेचा एक मार्ग साहित्याबाहेरून आला. नृत्यदिग्दर्शिका लिझ लेर्मन यांनी १९९० मध्ये प्रतिसादाची चार पायऱ्यांची रीत आखली. प्रेक्षकांनी आधी कलाकृतीत काय अर्थपूर्ण वाटले ते सांगायचे. मग कलावंताने प्रश्न विचारायचे. मग प्रेक्षकांनी ज्यांत मत दडलेले नाही असे तटस्थ प्रश्न विचारायचे. आणि मत द्यायचेच असेल तर ते कशाबद्दल आहे हे सांगून आधी कलावंताची परवानगी घ्यायची. अनेक लेखनवर्गांनी ही रीत उचलली. तिच्यात लेखक मुका राहत नाही आणि चर्चा त्याच्या समर्थनाचे भाषणही होत नाही. जुनी पद्धत पूर्ण टाकून द्यावी असे मात्र वाटत नाही. लेखनाला एकटे उभे राहू देण्याची शिस्त नवोदितासाठी मोलाची आहे. पहिला अर्धा तास ती पाळावी आणि नंतर लेखकाला बोलू द्यावे, ही मधली वाट व्यवहारात चांगली चालते.

मराठीत अशा वर्गाची परंपरा विद्यापीठाबाहेर वाढली. १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातले कवी रविवारी जमून एकमेकांना कविता वाचून दाखवत. त्यानंतरचा सर्वांत कडक लेखनवर्ग भरला तो टपालातून. ‘सत्यकथा’ हे मासिक १९३३ ते १९८२ चालले, आणि संपादक श्री. पु. भागवत व राम पटवर्धन यांनी लेखकांशी केलेला पत्रव्यवहार हे त्याचे खरे वर्गकार्य होते. कथा साभार परत येई, पण सोबत पत्र असे. कुठला प्रसंग उपरा आहे, कुठे लेखक घाईत आहे, हे त्यात लिहिलेले असे. कित्येकांनी त्या पत्रांवरून कथा पुन्हा लिहिली. गार्डनर यांच्या समासातल्या खुणा आणि संपादकाचे ते पत्र, दोहोंची जात एक आहे. आणि रीतीचा प्रश्नही इथे तसाच उभा राहिला. १९६९ च्या सुमारास राजा ढाले यांनी ‘सत्यकथेची सत्यकथा’ लिहून या अभिरुचीच्या चौकटीवर हल्ला चढवला आणि अंकाची होळी झाली. कोणाचे जग ‘पटते’ हे कोण ठरवणार, हा सिस्नेरोस यांचा प्रश्न त्यांच्या आधीच मराठीत विचारला गेला होता.

दोन्ही जगे जवळून पाहिलेले मराठी कवी म्हणजे दिलीप चित्रे. १९५० च्या दशकात ‘शब्द’ या अनियतकालिकातून ते पुढे आले आणि १९७५ ते १९७७ या काळात आयोवात राहिले. ते लेखनशाळेत नव्हते. एंगल आणि हुआलिंग निए यांनी १९६७ मध्ये तिथेच सुरू केलेल्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात ते होते. या कार्यक्रमात जगभरचे लेखक येतात. तिथे पदवी नाही, परीक्षा नाही, वर्गही नाही.

आज महाराष्ट्रात महाविद्यालयांतून सर्जनशील लेखनाचे अभ्यासक्रम सुरू होत आहेत. त्यांची पहिली अडचण पैशाची नाही, सवयीची आहे. आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या लेखनावर बोलणे अनादर वाटते, आणि बरोबरीच्यांच्या लेखनावर बोलणे वैर. ‘सर’ किंवा ‘मॅडम’ शेवटी निकाल देतील, म्हणून विद्यार्थी आधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहतो. ही सवय मोडायची तर शिक्षकाने स्वतःचा एखादा कच्चा खर्डा पहिल्या आठवड्यात वर्गासमोर ठेवावा आणि त्यावरचे बोलणे गप्प बसून ऐकावे. बोलीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आधी प्रमाणभाषेत यायला लावू नये. मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडीतल्या वाक्याची स्पष्टता त्या बोलीच्याच मापाने तपासावी, आणि ते माप शिक्षकाला ठाऊक नसेल तर वर्गात विचारावे. सत्रात एकच कथा मागावी. ती परत द्यावी, पुन्हा मागावी, आणि प्रत्येक वेळी वाचून परत द्यावी. पंधरा विद्यार्थ्यांच्या कथा पाच-पाच वेळा वाचणे हे शिक्षकासाठी फार मोठे काम आहे. ते करण्याची तयारी नसेल तर विद्यार्थ्याकडे पुनर्लेखन मागण्याचा अधिकार त्याला उरत नाही.

फ्लॅनरी ओकॉनर यांनी १९४७ मध्ये आयोवात पदवीसाठी सादर केलेल्या सहा कथांच्या संग्रहाचे नाव ‘द जेरेनियम’ असे होते. त्यातल्या त्याच नावाच्या कथेत मुलीकडे न्यूयॉर्कला येऊन राहिलेला दक्षिणेकडचा एक म्हातारा समोरच्या खिडकीतल्या फुलझाडाची कुंडी पाहत बसतो. ही कथा त्यांनी पुढे पुन्हा लिहिली आणि आजारपणाच्या शेवटच्या महिन्यांत आणखी एकदा लिहिली. या वेळी म्हातारा खिडकीत बसून राहत नाही, आपल्या गावी जायला निघतो. या शेवटच्या रूपाचे नाव ‘जजमेंट डे’. ३ ऑगस्ट १९६४ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी, ओकॉनर वारल्या. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या समग्र कथांच्या पुस्तकात पहिली कथा ‘द जेरेनियम’ आहे आणि शेवटची ‘जजमेंट डे’.